पायलीभर ज्वारीतलं मस्कत

माझा मुलगा बायको आणि लेकीला घेऊन जर्मनीला निघालाय. गेले काही दिवस आमच्या घरात लॅपटॉपवर एक तक्ता कायम उघडा असतो. घरभाडं, विमा, लेकीचं पाळणाघर, बसचा पास. तो आकडे बदलत बसतो, सून त्याच्या खांद्यावरून वाकून बघते आणि म्हणते, "अरे, हिवाळ्याचे बूट धरलेच नाहीत आपण." परवा चहा घेता घेता त्यानं मला विचारलं, "आई, आजोबा मस्कतला गेले तेव्हा तुम्ही हे सगळं कसं केलं होतं?" मी म्हटलं, "ज्वारीवर." दोघंही हसले. त्यांना वाटलं, मी थट्टा करते. थट्टा नव्हती, म्हणून हे लिहायला बसले आहे.

तेव्हा आम्ही पडेगावात राहत होतो. शहराचं नाव वेगळं होतं आणि पडेगाव शहरात धरलंच जात नसे. छावणी ओलांडली की गाव संपलं, असं म्हणून रिक्षावाले जादा पैसे मागायचे. दौलताबादच्या रस्त्यापासून थोडं आत आमचं दोन खोल्यांचं पत्र्याचं घर होतं. पुढं शेवग्याचं झाड, मागं आत्याच्या दोन शेळ्या. वारा छावणीच्या बाजूनं असला की पहाटे बिगुल ऐकू यायचा, आणि त्याच्या पाठोपाठ आत्याच्या भाकरी थापायचा आवाज. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची मोठी बहीण. पाचोडला दिली होती. नवरा गेल्यावर एक ट्रंक घेऊन भावाकडं आली, ती माझ्या जन्माच्याही आधी. घरात सगळे तिला आक्का म्हणायचे, मी आणि माझा धाकटा भाऊ मिलिंद मात्र आत्या. आई दिवसभर शिलाई मशीनवर असायची. गल्लीतल्या बायकांचे ब्लाऊज तिच्या हातचे. त्यामुळं स्वयंपाकघर आत्याचं होतं. तिच्या हातच्या येसराच्या, म्हणजे भाजून दळलेल्या डाळी-मसाल्याच्या, आमटीचा वास आला की मी पुस्तक मिटून टाकायची. थंडीत ती धपाटे करायची, लसूण जरा जास्त घातलेले, आणि वर घट्ट दही. अजूनही मी धपाटे करते, पण पिठाला तो चिवटपणा येत नाही. सून म्हणते, फार छान झालेत. ती तिच्या परीनं खरंच बोलत असते, तिनं आत्याचे खाल्ले कुठं आहेत?

माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, चिकलठाण्याच्या एका कारखान्यात थंडाव्याच्या मशिनींवर होते. कॉम्प्रेसरच्या आवाजावरून कुठं काय बिघडलंय ते सांगणारा माणूस. घरी मात्र अगदी मऊ. त्यांना मस्कतच्या एका कंपनीकडून सुपरवायझरची नोकरी आली, फॅमिली व्हिसासकट, आणि त्या दिवसापासून आमच्या घरात एक नवा खेळ सुरू झाला. पगार रियालमध्ये होता. दादा त्याचे रुपये करून बघायचे, मग पुन्हा करून बघायचे, आणि दर वेळी त्यांचे डोळे मोठे व्हायचे. "शोभा, अगं एवढे तर आमच्या मॅनेजरला नाय मिळत." जेवताना पक्कं घर व्हायचं, झोपताना गच्ची व्हायची, सकाळी दात घासताना स्कूटर. मिलिंद तर शेजारच्या पोरांना सांगून आला की आमच्याकडं विमान येणार आहे. घर फुलून गेलं होतं. मलाही छान वाटत होतं, खोटं कशाला सांगू. मी नववीत होते, आणि वर्गात मस्कत नकाशावर दाखवायला मला पुढं बोलावलं होतं.

एका दुपारी वहीदचाचा जेवायला आले. दादांच्याच कारखान्यात पूर्वी होते, आता कितीतरी वर्षं मस्कतला. सुट्टीवर छावणीत आपल्या घरी आलेले. आईनं मुद्दाम बोलावलं होतं. चाचा आमटी-भाकरी कुस्करून खात होते आणि आई एकेक प्रश्न विचारत होती. घर कसं मिळतं, पाणी कसं येतं, पोरांची शाळा किती लांब. दादा मध्येच म्हणाले, "वहीदभाई, पगार सांगा ना हिला, रुपयात किती व्हतो." चाचांनी हात वर केला. "भगवानभाई, ये गलती नक्को करो. कमाना रियाल में, तो सोचना बी रियालमेंइच. इधर के रुपये लगाए तो राजा बन जाते. फिर उधर मकानमालिक आता, बिजलीवाला आता, वो तो रुपये नहीं लेते ना."

मग त्यांनी सगळं सांगितलं. भाडं आगाऊ द्यावं लागतं, पहिला पगार हातात यायच्याही आधी. उन्हाळ्यात एसी बंद करता येत नाही, त्याचं बिल. प्यायचं पाणी विकत. भाजीपाला, डाळ, तांदूळ आवाक्यात, पण शाळा? आपल्या लोकांच्या शाळा चांगल्या, मात्र फी, बस, पुस्तकं, गणवेश, सगळं धरून एका पोराचा खर्च चांगलाच. "दो बच्चे बोले तो भाभी, सँभालके." आईनं विचारलं, "मग तुम्ही पोरांना कामून नाय नेलं, भाईजान?" चाचा हसले. "इसीके लिए नहीं ले गया. पैसा बचता बोलके." मग हसता हसताच म्हणाले, "अब की बार आया तो छोटी बेटी मेरेकू अंकल बोली. दरवाजे में खड़ी होके बोली, अम्मी, कोई अंकल आए."

आईच्या हातात आमटीची पळी होती. ती तशीच राहिली. चाचांनी ताट पुढं केलं तेव्हा कुठं तिनं वाढलं.

रविवारी सकाळची वंदना झाली, जेवणं झाली, आणि आईनं आत्याला विचारून कणगीतून पायलीभर ज्वारी काढली. फरशीवर धुतलेली चादर अंथरली आणि ज्वारीचा ढीग मधोमध ओतला. भोवती घरातली भांडी मांडली. डबे, वाट्या, एक पातेलं, मिलिंदचा दूध प्यायचा पेला. दादांनी विचारलं, "हे काय करायलीस?"

"हा तुमचा पगार," आई म्हणाली. "रुपये नाय, रियाल नाय. ज्वारी. आता घालायचं ज्याचं त्याच्यात."

आम्ही सगळे भोवती बसलो. आत्या सवयीनं ज्वारीतले खडे वेचत होती. आईनं आधी पातेलं घेतलं. "हे घरभाडं." ओंजळीमागून ओंजळ त्यात जाऊ लागली आणि दादा अस्वस्थ झाले. "अगं, बास की. थोडं कमी घाल."

"मी घालीन कमी. घरमालक घेईल का कमी?"

पातेलं भरलं तेव्हा ढीग एका बाजूनं खचला होता. मग वीज, मग पाणी, मग किराण्याचा मोठा डबा. दादांना रोज कामावर सोडायला कंपनीची गाडी होती, म्हणून तिथं वाटी लागली नाही. त्याचं मिलिंदनं टाळ्या वाजवून स्वागत केलं. मग त्याच्या शाळेचा डबा. तो भरला. मग माझ्या शाळेचा. माझा डबा भरता भरता चादरीची फुलं दिसायला लागली. अजून औषधपाण्याची वाटी रिकामी होती, वर्षाच्या विमानाच्या तिकिटांची रिकामी होती, आणि एक पितळेची वाटी आईनं हातात धरली होती. "ही आक्कांची. इथलं घर, आक्कांचं खाणंपिणं, दुखलंखुपलं."

"माझं काय येवढं?" आत्या खडे वेचत म्हणाली. "दोन शेळ्या हायेत. भागतंय माझं."

"आक्का, उपकार म्हणून नाय मांडली वाटी," आई म्हणाली. "खर्च हाय तो घरचा."

दादांनी भाड्याच्या पातेल्यातून एक मूठ उचलली. आईनं त्यांच्या मनगटावर हात ठेवला. त्यांनी मूठ परत सोडली. बाहेर शेळी ओरडत होती. मग दादा म्हणाले, "मी एकटाच जातो. समदेच जातात. दोन-तीन वर्षांचा तर सवाल हाय."

आईनं वर बघितलं. "वहीदभाईंनी पण दोन-तीनच म्हटलं असंल," एवढंच ती म्हणाली आणि ज्वारी पुन्हा एकत्र करू लागली. ते दाणे परत कणगीत टाकू नको, म्हणून आत्यानं तिला थांबवलं. भांड्याकुंड्यात, चादरीवर फिरलेलं धान्य, दळूनच आणू.

त्या आठवड्यात घरात कुणी भांडलं नाही. पण मशीनचा आवाज उशिरापर्यंत चालायचा, आणि दादा रुपये मोजायचे थांबले होते. मला माझ्या शाळेचा डबा सारखा आठवायचा. आता सांगते, कारण माझ्या माघारी नातेवाइकांनी या गोष्टीला फार वेगळा रंग दिला. लोक म्हणायचे, पोरीनं केवढा त्याग केला. त्याग वगैरे काही नव्हतं. वहीदचाचांनी सांगितलं होतं, मराठी शाळेतून आलेल्या मुलीला तिथं एक वर्ष मागं बसवतील, सगळं इंग्रजीत. आणि इथं माझं गणित बरं होतं, दहावी वर्षावर आली होती, मला ती माझ्या मैत्रिणींबरोबर द्यायची होती. शिवाय आत्याशिवाय मी कधी एक दिवससुद्धा राहिले नव्हते. आईशिवायही नव्हते, हे खरं. त्या दोन्ही गोष्टी मी मनात शेजारी शेजारी ठेवून बघत होते आणि मला काहीच ठरवता येत नव्हतं.

आत्या आणि मी ती ज्वारी घेऊन गिरणीत गेलो. डबा आलटून पालटून डोक्यावर. गिरणीत नेहमीची गर्दी. ओळीनं डबे, पिठानं पांढऱ्या झालेल्या भिंती, आणि त्या पट्ट्याची धडधड, जिच्यात शेजारच्या माणसाचंही ऐकू येत नाही. कदाचित म्हणूनच मला तिथं बोलावंसं वाटलं. मी आत्याच्या कानाशी म्हटलं, "आत्या, मी इथंच राहिले तर?"

"आं?"

"म्हटलं, मी राहिले तर!"

"काय म्हन्तीस गं? मोठ्यानं बोल!"

मी छातीत हवा भरून ओरडले, "मी नाय जाणार मस्कतला!" आणि नेमका त्याच क्षणी गिरणीचा पट्टा निसटला. सगळं एकदम गप्प झालं आणि माझं वाक्य तेवढं गिरणीभर घुमलं. डबे घेऊन उभ्या असलेल्या सगळ्या बाया माझ्याकडं वळल्या. गिरणीवाला पट्टा हातात धरून बघतच राहिला. कोपऱ्यातली एक म्हातारी म्हणाली, "नको जाऊ माय, कुणी जबरदस्ती केली?" आणि सगळी गिरणी हसली. मी लाजून आत्याच्या पदरामागं गेले. आत्याही हसत होती, पण तिनं माझा दंड घट्ट धरला होता.

परत येताना रस्त्याच्या कडेला तिनं डबा खाली ठेवला. पीठ गरम होतं, झाकणावर हात ठेवला तर कळत होतं. आत्या म्हणाली, "सुजे, एक सांग. माझ्यासाठी राहायलीस का?"

मी म्हटलं, "थोडं तुझ्यासाठी. थोडं दहावीसाठी. आणि थोडी भीती वाटते तिथली."

"माझ्यासाठीचं तेवढं काढून टाक. मग बघ, उरतंय का."

मी खरंच विचार केला. ट्रक जात होते, धूळ उडत होती. मी म्हटलं, "उरतंय."

"मग राहा," आत्या म्हणाली आणि डबा माझ्या डोक्यावर दिला.

आम्ही घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. ब्लाऊज न्यायला आलेल्या बाईनं आईला सांगितलं होतं. आईनं मशीन थांबवली, मला समोर बसवलं. "कुणी शिकवलं तुला हे?"

"कुणी नाय."

"माझी आठवण आल्यावर काय करशील?"

"रडीन."

"आणि मग?"

"मग अभ्यास करीन."

आई हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली, आणि मीही. मिलिंद दारात येऊन म्हणाला, "कोण मेलं?" त्यामुळं आम्ही दोघी पुन्हा हसलो. दादांना हे पटायला बरेच दिवस लागले. पोरीला मागं ठेवून जाणारा बाप, असं लोक म्हणतील, याची त्यांना धास्ती होती. आई म्हणाली, "लोक काय, तुम्ही एकटे गेलात तरी म्हणतील. आपण चौघं गेलो आणि तिथं उधारीवर जगलो तरी म्हणतील. त्यापरीस जे जमतंय ते करू."

कणगीतून दुसरी ज्वारी काढून पुन्हा मांडली गेली. या वेळी कुरकुर नव्हती, घाई होती. माझ्या शाळेचा डबा निघाला, आत्याची पितळेची वाटी जाऊन तिथं मोठा डबा आला, दोघींचा. आईनं मात्र भाड्याच्याही आधी एक तांब्या पुढं ओढला. "हे तिकीट. दर उन्हाळ्यात आम्ही तिघं इथं. हा पहिला भरायचा. बाकीचं उरलेल्यात." दादा म्हणाले, "आणि उरलं नाय तर?" आई म्हणाली, "तर कमी खाऊ. पण माझी पोरगी दारात उभी राहून मला बाई म्हणली नाय पाहिजे."

मग आत्या बोलली. तिची अट होती. पैसे तिच्या नावावर यावेत, पोस्टात तिचं स्वतःचं खातं काढावं, आणि किती येणार ते आत्ताच ठरवावं. "म्हंजी मला मागायला नको आन् तुम्हाला सांगायला नको. पोरगी सांभाळायची म्हंजी हात मोकळा पाहिजे माझा." दादांना जरा लागलं असावं. पण आईनं लगेच मान हलवली. "बरोबर हाय आक्कांचं."

"आन् शेळ्या इकायच्या नायत," आत्या म्हणाली. "त्यांना व्हिसा लागत नाय."

ते गेले त्या दिवसाचं मी फार लिहीत नाही. गेले. मिलिंदला खिडकीची जागा मिळाली म्हणून तो आनंदात होता, आणि आई गाडी सुटेपर्यंत मला खायच्या सूचना देत होती. घरी आल्यावर आत्यानं आमटी केली आणि आम्ही दोघी जेवलो, नेहमीपेक्षा जरा जास्तच.

पुढचं वर्ष कसं गेलं विचाराल तर मी म्हणेन, सुखात. लोक चुकचुकायचे, पण आमच्या घरात चुकचुकायला कुणाला सवड नव्हती. मी सकाळी सायकलनं शाळेत जायची, परत येईपर्यंत आत्या शेळ्या चारून आलेली असायची. संध्याकाळी मी ओट्यावर गणितं सोडवायची आणि ती शेजारी शेंगा फोडत बसायची. तिला गणित कळत नव्हतं, पण मी अडले की तिला कळायचं. ती न बोलता मूठभर शेंगदाणे पुढं सरकवायची. रविवारी छावणीतल्या एसटीडी बूथवर ठरलेल्या वेळी फोन यायचा. आत्या फोनमध्ये इतकी ओरडायची की बूथवाला म्हणायचा, मावशी, फोन नसता तरी तिकडं ऐकू गेलं असतं. आई सांगायची, कशात काय चुकलं. पडदे मांडलेच नव्हते. गॅसचं सिलिंडर विसरलं होतं. मिलिंदनं खेळताना दात पाडून घेतला आणि औषधपाण्याची वाटी एका दिवसात रिकामी झाली. पण खालच्या मजल्यावरच्या बायकांना आईचे ब्लाऊज आवडले. तिनं तिथंही मशीन घेतली, आणि ज्वारीत न बसलेलं सगळं त्या मशीननं भरून काढलं. एकदा दादा फोनवर म्हणाले, "सुजाता, महिना संपला आणि पैसे उरले." त्यांचा आवाज इतका नवलाचा होता, जणू कॉम्प्रेसर आपोआप दुरुस्त झाला असावा.

उन्हाळ्यात ते आले. मुंबईची गाडी सकाळी आली, आणि आत्या अन् मी फलाटावर केव्हाच्या उभ्या होतो. मिलिंद आधी उतरला, एका वर्षात ताडासारखा वाढलेला, बुटांचे बंद स्वतः बांधणारा. दादा सामान उतरवत होते. आई दारात थांबली, तिनं आम्हाला शोधलं आणि हात वर केला. मी पळत गेले. तिनं नेहमीसारखा माझ्या डोक्यावर हात ठेवायला उचलला, आणि तो तिला बराच वर न्यावा लागला. ती हसली. मग माझ्या खांद्यावरून पलीकडं बघत म्हणाली, "आक्का, ही तर माझ्यापेक्षा उंच केली तुम्ही."

"खाते लई," आत्या म्हणाली.

स्टेशनबाहेर रिक्षावाल्यानं पडेगाव म्हणताच नेहमीसारखे जादा पैसे सांगितले. दादा खिशात हात घालणार, तोच आत्यानं पुढं होऊन त्याच्याशी दोन वाक्यांत सौदा केला. सामान मागं बांधलं, आणि आम्ही पाचजण त्या एका रिक्षात कोंबून बसलो. मिलिंद माझ्या मांडीवर होता आणि त्याचं सारखं काहीतरी सांगणं चाललं होतं, अर्धं मराठी, अर्धं तिथलं हिंदी. आईचा हात माझ्या हातात होता. तिच्या बोटाला सुईनं पडलेला कडक घट्टा होता. मी तो अंगठ्यानं चाचपत राहिले. छावणी मागं पडली तशी वाऱ्याला आमच्या बाजूचा, तापलेल्या मातीचा वास यायला लागला. दादांनी विचारलं, "आक्का, जेवायला काय केलंय?" आत्यानं सांगितलं, आणि ते ऐकता ऐकता दादा इतके खूश झाले, की रिक्षावाल्यानं मागं वळून विचारलं, "काय साहेब, लांबून आले वाटतं?"

"नाय बाबा," दादा म्हणाले, "इथलेच हावोत आम्ही."